बुद्धिबळ इंजिनासाठी प्रोसेसर निवडताना

बुद्धिबळ खेळणारा संगणक-प्रोग्राम, म्हणजे इंजिन, दोन गोष्टींच्या जोरावर खेळतो. पटावरच्या स्थितीची पारख ही एक, आणि त्या स्थितीतून फुटणाऱ्या शक्यता किती खोलवर व किती लवकर धुंडाळता येतात ही दुसरी. पारख सॉफ्टवेअरमधून येते आणि जगातले सर्वात बलवान सॉफ्टवेअर आज फुकट मिळते. शोधाचा वेग प्रोसेसरमधून येतो आणि त्याला मात्र पैसे मोजावे लागतात. बुद्धिबळासाठी संगणक घेणाऱ्याला खरे तर एवढेच ठरवायचे असते की किती वेग विकत घ्यायचा आणि कितीच्या पुढे थांबायचे.

या वेगाची किंमत कळण्यासाठी शोध कसा चालतो ते पाहावे लागते. मधल्या डावात एका स्थितीत सरासरी पस्तीसच्या आसपास वैध खेळ्या असतात. दोन्ही बाजूंच्या दोन-दोन खेळ्या झाल्या की शक्यता पंधरा लाखांवर जातात. सगळ्या शक्यता तपासायच्या म्हटले तर कुठलाच प्रोसेसर पुरणार नाही. इंजिने 'अल्फा-बीटा' नावाची छाटणी वापरतात. एखाद्या खेळीला प्रतिस्पर्ध्याकडे चोख उत्तर आहे हे एकदा दिसले की त्या खेळीची बाकीची उत्तरे बघायची गरज उरत नाही. खेळ्या चांगल्या क्रमाने तपासल्या तर त्या पंधरा लाखांच्या जागी जेमतेम अडीच हजार स्थिती पाहून तोच निष्कर्ष निघतो. आजची इंजिने यावर आणखी धाडसी छाटण्या करतात. परिणाम असा की प्रोसेसरचा वेग दुप्पट झाला तर त्याच वेळात शोध साधारण एका बाजूच्या एका खेळीने खोल जातो. दुप्पट पैशांतून मिळते ते एवढेच.

त्या एका जादा खेळीची किंमत पूर्वी बरीच होती. वेग दुप्पट केला की इंजिनाचे मानांकन ५० ते ७० गुणांनी वाढते, असा जुना अंदाज आहे. ७० गुणांचा फरक म्हणजे शंभर डावांत ५० ऐवजी ६० गुण. आता इंजिने इतकी बळकट झाली आहेत की दीर्घ विचारवेळेत त्यांचे आपसांतले बरेचसे डाव बरोबरीत सुटतात, आणि वेग वाढवून मिळणारा फायदा त्या प्रमाणात आटला आहे.

सॉफ्टवेअर आणि यंत्र यांतले खरे वजन कशाला, हे दोन घटना शेजारी ठेवल्या की दिसते. १९९७ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये आयबीएमच्या डीप ब्लूने गॅरी कास्पारोव्हला साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरवले. त्या यंत्रात ३० प्रोसेसर होते आणि त्यांच्या दिमतीला बुद्धिबळासाठी खास घडवलेल्या ४८० चिप. सेकंदाला २० कोटी स्थिती तपासण्याची त्याची क्षमता होती. पुढे बारा वर्षांनी, २००९ मध्ये, ब्युनोस आयर्सच्या मर्कोसुर चषक स्पर्धेत पॉकेट फ्रिट्झ ४ हा प्रोग्राम एका एचटीसी मोबाइलवर खेळला. तो सेकंदाला २० हजार स्थितीसुद्धा बघत नव्हता. त्याने दहापैकी साडेनऊ गुण मिळवले आणि त्याची कामगिरी २८९८ मानांकनाच्या तोडीची ठरली. डीप ब्लूच्या दहा हजारांश वेगावर एवढे बळ आले ते चांगल्या छाटणीतून आणि चांगल्या पारखीतून. प्रोसेसरच्या जाहिराती वाचताना ही तुलना आठवणीत असलेली बरी.

सॉफ्टवेअरची अशीच मोठी झेप २०२० मध्ये झाली. स्टॉकफिश हे मुक्त-स्रोत इंजिन २००८ पासून वाढत आले आहे. त्याच्या बाराव्या आवृत्तीपर्यंत स्थितीची पारख माणसांनी हाताने लिहिलेल्या नियमांवर चालायची: एकटे पडलेले प्यादे वाईट, उंटांची जोडी चांगली, मोकळ्या पट्टीवरचा हत्ती चांगला, असे शेकडो नियम. २०२० च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या त्या आवृत्तीत एक छोटे न्यूरल नेटवर्क बसवले गेले. ही कल्पना यू नासू यांनी २०१८ मध्ये शोगी या जपानी खेळासाठी मांडली होती. 'एनएनयूई' या नावाने ती ओळखली जाते. नेटवर्कमुळे सेकंदाला तपासल्या जाणाऱ्या स्थितींचा आकडा घसरला, पण प्रत्येक स्थितीची पारख इतकी सुधारली की इंजिन आधीच्या आवृत्तीपेक्षा शंभराहून अधिक गुणांनी बळकट झाले. ज्याने त्या दिवशी नवी आवृत्ती उतरवून घेतली त्याला, जुन्या अंदाजाप्रमाणे, वेग दुपटीहून जास्त केल्याइतके बळ विनामूल्य मिळाले. म्हणून नव्या प्रोसेसरचा विचार करण्याआधी इंजिनाची आवृत्ती ताजी आहे की नाही हे पाहणे हा खर्च वाचवण्याचा पहिला आणि सर्वात परिणामकारक उपाय आहे. याच कारणाने २०२० पूर्वीचे वेगाचे तक्ते आज निरुपयोगी आहेत. त्या काळात जे प्रोसेसर एकमेकांच्या तोडीचे वाटत, ते नेटवर्क चालवताना तसे राहत नाहीत.

प्रोसेसरच्या आत काय घडते ते जवळून पाहिले की कारण कळते. पटावर ६४ घरे आणि आजच्या प्रोसेसरच्या एका नोंदीत (रजिस्टरमध्ये) ६४ बिट, हा योगायोग इंजिन लिहिणाऱ्यांच्या फार कामी आला आहे. पांढरी प्यादी कुठे आहेत हे एका ६४-बिटी संख्येत मावते. प्यादे असलेल्या घराला १, नसलेल्याला ०. सगळी प्यादी एक घर पुढे सरकवली तर कुठे जातील, याचे उत्तर ती संख्या आठ बिटांनी सरकवली की एका झटक्यात मिळते. अशा संख्येत किती १ आहेत हे मोजण्याची स्वतंत्र सूचना, 'पॉपकाउंट', साधारण २००७-०८ पासून एएमडी आणि इंटेल या दोघांच्या प्रोसेसरमध्ये आली.

नेटवर्कची गरज निराळी आहे. तिथे ८ आणि १६ बिटांच्या लहान पूर्णांकांचे गुणाकार-बेरजांचे ढीग उपसावे लागतात. एक खेळी झाली की पटावर दोन-चार घरांतच बदल होतो, म्हणून नेटवर्कचा पहिला थर नव्याने मोजण्याऐवजी तेवढाच फरक अधिक-उणे केला जातो. तरीही उरलेले गणित मोठे असते. ते झपाट्याने होते ते एकाच सूचनेत अनेक संख्या हाताळणाऱ्या रुंद नोंदींमुळे. जुन्या १२८-बिटी नोंदीत ८ बिटांच्या १६ संख्या बसतात. 'एव्हीएक्स२' या २५६-बिटी सोयीत ३२ बसतात आणि 'एव्हीएक्स-५१२' मध्ये ६४. इंटेलने एव्हीएक्स२ ही सोय २०१३ च्या हॅसवेल पिढीपासून दिली. एव्हीएक्स-५१२ एएमडीच्या साध्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये २०२२ च्या झेन ४ पिढीपासून मिळते. इंटेलने मात्र २०२१ च्या बाराव्या पिढीपासून आपल्या घरगुती प्रोसेसरमधून ती काढून घेतली. खरेदीच्या दृष्टीने एव्हीएक्स२ ही किमान अट समजावी. ती नसलेला प्रोसेसर कितीही स्वस्तात मिळाला तरी आजच्या इंजिनासाठी तो महागच पडतो. एव्हीएक्स-५१२ असेल तर उत्तम, नसेल तर अडत नाही.

या सोयी प्रोसेसरमध्ये असून भागत नाही, इंजिनाने त्या वापरल्याही पाहिजेत. स्टॉकफिशच्या संकेतस्थळावर एकाच आवृत्तीच्या वेगवेगळ्या फायली असतात, प्रत्येक फाइल ठरावीक सोयींसाठी बांधलेली. अनेक जण सर्वात साधी, कुठेही चालणारी फाइल उतरवतात आणि निम्म्याहून कमी वेगावर समाधान मानतात. उलट बाजूचा एक बारकावाही लक्षात घेण्यासारखा आहे. 'बीएमआय२' नावाच्या गटातली एक सूचना एएमडीच्या झेन आणि झेन २ पिढ्यांत आहे खरी, पण ती फार संथ चालते. म्हणून २०१९ च्या रायझन ५ ३६०० सारख्या, जुन्या बाजारात भरपूर मिळणाऱ्या प्रोसेसरवर बीएमआय२ ची फाइल न घेता एव्हीएक्स२ ची घ्यावी. २०२० च्या झेन ३ पासून ही अडचण दूर झाली. योग्य फाइल निवडायला पाच मिनिटे लागतात आणि तिचा परिणाम कधीकधी नव्या प्रोसेसरएवढा असतो.

यानंतर कोअरचा मुद्दा. दुकानदार कोअरची संख्या आधी सांगतो, कारण ती सांगायला सोपी असते. बुद्धिबळात तिचा अर्थ कामावर अवलंबून आहे. एकाच स्थितीचे विश्लेषण करायचे असेल तर सगळे कोअर एकाच झाडात शोध घेतात. अल्फा-बीटा छाटणी मुळात क्रमाने चालणारी आहे. आधी तपासलेल्या खेळीच्या निकालावर पुढची छाटणी ठरते. सगळे कोअर एकदम सुटले की काही काम वाया जाणारच. स्टॉकफिश २०१५ पासून 'लेझी एसएमपी' ही पद्धत वापरते. यात कोअरना कामाची काटेकोर वाटणी करून दिलेली नसते. सगळे जण थोड्या वेगळ्या खोलीवर तीच स्थिती शोधतात आणि सापडलेले निकाल सामाईक स्मृतीत टाकत जातात. ऐकायला ढिसाळ वाटणारी ही पद्धत प्रत्यक्षात काटेकोर पद्धतींना भारी ठरली. तरीही आठ कोअर लावल्यावर स्थितींचा आकडा जवळपास आठपट होतो आणि बळ मात्र एका कोअरला आठपट वेळ दिल्याइतके वाढत नाही. शिवाय सगळे कोअर एकदम राबू लागले की प्रोसेसर उष्णता आवरण्यासाठी प्रत्येकाचा वेग थोडा उतरवतो. खोक्यावर लिहिलेले सर्वोच्च गिगाहर्ट्झ एक-दोन कोअरपुरते असतात.

काम निराळे असेल तर हिशेब पालटतो. इंजिन घडवणारे लोक नव्या बदलाची परीक्षा घेण्यासाठी हजारो झटपट डाव खेळवतात आणि प्रत्येक डाव एका कोअरवर चालतो. स्टॉकफिशची 'फिशटेस्ट' ही चाचणी-व्यवस्था जगभरच्या स्वयंसेवकांनी दिलेल्या संगणकांवर अशीच चालते. तिथे कोअर एकमेकांची वाट बघत नाहीत. सोळा कोअर म्हणजे खरोखर सोळापट काम. डाव तपासणाऱ्या खेळाडूने म्हणून कमी पण वेगवान कोअर घ्यावेत, आणि चाचण्या घेणाऱ्याने एका रुपयात जास्तीत जास्त कोअर कुठे पडतात ते पाहावे. दोघांनी एकमेकांचा सल्ला मानला तर दोघांचेही पैसे चुकीच्या जागी जातात.

कोअरच्या आकड्यात आणखी दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. एका कोअरवर दोन थ्रेड चालवण्याची सोय असली की आठ कोअर 'सोळा' दिसतात. या जादा थ्रेडमधून स्थितींच्या आकड्यात साधारण चौथाई भर पडते, दुप्पट नाही. दुसरी गोष्ट इंटेलच्या बाराव्या पिढीपासूनची: मोठे वेगवान कोअर आणि लहान काटकसरी कोअर एकाच प्रोसेसरमध्ये. कोअर आय५-१३४०० च्या वर्णनात १० कोअर असतात. त्यांतले सहा मोठे आणि चार लहान. लहान कोअरही बुद्धिबळाच्या कामाला येतात, पण त्यांची गणना मोठ्यांच्या बरोबरीने करणे चूक आहे.

किमतींचे आजचे चित्र २०१७ मध्ये घडले. तोवर आठ कोअरचा डेस्कटॉप प्रोसेसर म्हणजे इंटेलचा कोअर आय७-६९००के, हजार डॉलरच्या वर. त्या वर्षीच्या मार्चमध्ये एएमडीने रायझन ७ १८००एक्स ४९९ डॉलरला आणला आणि आठ कोअरची किंमत एका दिवसात निम्म्यावर आली. २०१९ अखेर सोळा कोअरचा रायझन ९ ३९५०एक्स ७४९ डॉलरला मिळू लागला. २०२२ च्या एप्रिलमध्ये आठ कोअरचा रायझन ७ ५७००एक्स २९९ डॉलरला आणि सहा कोअरचा रायझन ५ ५६०० १९९ डॉलरला आला. भारतात यावर जीएसटी आणि व्यापाऱ्याचे कमिशन चढते, पण उतरंड तीच राहते. अशा आठ-कोअरी यंत्रावर स्टॉकफिश सेकंदाला एक कोटीच्या आसपास स्थिती तपासते. डीप ब्लूच्या तुलनेत आकडा लहान दिसतो, आणि तरी हे घरगुती यंत्र डीप ब्लूला सहज हरवेल.

किफायत मोजताना सर्वात जास्त गल्लत होते ती फक्त प्रोसेसरची किंमत धरल्याने. समजा, एक प्रोसेसर १५ हजारांचा आहे आणि त्यावर सेकंदाला एक कोटी स्थिती तपासल्या जातात. दुसरा ४५ हजारांचा आहे आणि दोन कोटी तपासतो. प्रोसेसरपुरते पाहिले तर पहिल्यात कोटीमागे १५ हजार पडतात, दुसऱ्यात साडेबावीस हजार. पहिला सरळ सरस. पण मदरबोर्ड, रॅम, एसएमपीएस, कॅबिनेट, एसएसडी धरून पहिले यंत्र ४५ हजारांना आणि दुसरे ९० हजारांना उभे राहत असेल, तर दोन्हींत कोटीमागे ४५ हजारच पडले. ज्याच्याकडे चांगला मदरबोर्ड आणि रॅम आधीच आहे, त्याला फक्त प्रोसेसर बदलायचा आहे आणि त्याच्यासाठी पहिला हिशेब खरा. ज्याला शून्यापासून सुरुवात करायची आहे त्याच्यासाठी दुसरा. फार स्वस्त प्रोसेसरही यामुळेच परवडत नाही. बाकीच्या सुट्या भागांचा खर्च तसाच राहतो आणि वेग तेवढा निम्मा होतो.

नावांतली अक्षरे नीट वाचावी लागतात. रायझन ७ ५७००एक्स आणि ५७००जी ही नावे भावंडांसारखी, आणि दोघांतही आठच कोअर. पण एक्समध्ये ३२ एमबी एल३ कॅशे आहे आणि जीमध्ये १६. कॅशे म्हणजे प्रोसेसरच्या पोटातली जलद स्मृती. नेटवर्कच्या फाइली कित्येक एमबींच्या असतात आणि त्यांतले आकडे पुन्हा पुन्हा लागतात, म्हणून कॅशे जितकी प्रशस्त तितके बरे. उलट जीमध्ये चित्र दाखवण्याची सोय अंगचीच आहे, एक्समध्ये ती नाही. एक्स घेतला तर पडद्यासाठी एखादे ग्राफिक्स कार्ड घ्यावेच लागते. इंटेलच्या नावात शेवटी 'एफ' असेल तर तिथेही तेच. जुने, साधे कार्ड घरात पडले असेल तर एक्स घ्यावा. नसेल तर कार्डाचे पैसे बेरजेत धरून मग ठरवावे. रायझन ७ ७७०० सारख्या पुढच्या पिढीतल्या प्रोसेसरमध्ये माफक ग्राफिक्सही आहे आणि एव्हीएक्स-५१२ ही. पण त्यांना नवा मदरबोर्ड आणि डीडीआर५ रॅम लागते. नवी पिढी बाजारात आली की आधीच्या पिढीचे भाव उतरतात, आणि बुद्धिबळासाठी बहुतेक वेळा तीच वेळ खरेदीची.

रॅमचा वेग या कामात फारसा जाणवत नाही. तिथे चढ्या दराची रॅम घेण्यात अर्थ नाही. रॅम किती आहे हे मात्र महत्त्वाचे, कारण इंजिन आधी पाहिलेल्या स्थितींचे निकाल एका मोठ्या कोष्टकात साठवते. वेगळ्या क्रमाने खेळून तीच स्थिती पुन्हा आली तर शोध नव्याने करावा लागत नाही. स्टॉकफिशमध्ये १ जीबी कोष्टकात सुमारे दहा कोटी नोंदी मावतात. काही मिनिटांच्या विश्लेषणाला एक-दोन जीबी पुरतात. रात्रभर चालवायचे असेल तर आठ जीबी द्यावी, म्हणजे यंत्रात एकूण १६ जीबी असावी. प्रोग्राम बसवल्यावर हे कोष्टक आपोआप मोठे होत नाही. मूळ आकार अगदी लहान, १६ एमबी असतो आणि तो हाताने वाढवावा लागतो. थ्रेडची संख्याही तशीच सुरुवातीला एक असते. आठ कोअरचे यंत्र घेऊन इंजिन एकाच थ्रेडवर चालवणारे खेळाडू कमी नाहीत.

डावाच्या अखेरच्या टप्प्यासाठी इंजिनाला तयार कोष्टके देता येतात. रोनाल्ड दे मान यांच्या सिझिजी कोष्टकांत पाच सोंगट्यांपर्यंतच्या सर्व स्थिती एका जीबीहून कमी जागेत बसतात, सहा सोंगट्यांना सुमारे १५० जीबी लागतात आणि सात सोंगट्यांना सुमारे १८ टीबी. सहा सोंगट्यांची कोष्टके एसएसडीवर ठेवणे कुणालाही परवडण्यासारखे आहे. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर ती ठेवली तर इंजिन दर वेळी वाट पाहत बसते. लीला चेस झीरो हे इंजिन वेगळ्या जातीचे आहे. त्याचे मोठे नेटवर्क ग्राफिक्स कार्डावर चालते आणि त्यासाठी प्रोसेसरवर जादा पैसे टाकण्यात हशील नाही.

उष्णता आणि वीज या दोन गोष्टी दुकानात कुणी बोलून दाखवत नाही. बुद्धिबळ इंजिन सगळे कोअर पूर्ण ताकदीने तासन्‌तास राबवते. पातळ लॅपटॉपमध्ये पहिल्या मिनिटाला दिसणारा वेग नंतर झपाट्याने उतरतो, कारण उष्णता बाहेर टाकायला जागाच नसते. त्याच नावाचा डेस्कटॉप प्रोसेसर मोठ्या हीटसिंकखाली तोच वेग रात्रभर टिकवतो. विदर्भात मे महिन्यात खोलीचेच तापमान चाळिशीकडे जाते, तेव्हा ९० ते १०० अंशांच्या मर्यादेशी पोहोचायला प्रोसेसरला वेळ लागत नाही. तिथे चांगल्या पंख्यावर खर्च केलेले दोन हजार रुपये महागड्या प्रोसेसरपेक्षा जास्त वेग देतात. विजेचा हिशेब सोपा आहे. विश्लेषण चालू असताना यंत्र १५० वॅट जादा ओढत असेल तर आठ तासांत १.२ युनिट जळतात. दहा रुपये दराने रात्रीचे बारा रुपये, वर्षभर रोज चालवले तर साडेचार हजारांच्या जवळ. मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये वीज-मर्यादा खाली आणता येते. वीज जितकी घटते त्या मानाने वेग बराच कमी घटतो, कारण शेवटचे काही शे मेगाहर्ट्झ मिळवण्यासाठीच प्रोसेसर सर्वात जास्त वीज खातो.

जुन्या सर्व्हर प्रोसेसरचा मोह इथेच तपासून घ्यावा. मोठ्या कंपन्या आपले सर्व्हर बदलतात तेव्हा झिऑन प्रोसेसर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत आणि ऑनलाइन अत्यंत स्वस्तात येतात. २०१२ चा झिऑन ई५-२६७० आठ कोअरचा आहे, पण त्यात एव्हीएक्स२ नाही. तो घेऊ नये. २०१४ च्या 'व्ही३' पासून पुढे ती सोय आहे. २०१६ चा ई५-२६८० व्ही४ चौदा कोअरचा आहे. चाचण्यांसाठी असा प्रोसेसर खरोखर किफायतशीर पडू शकतो. एका स्थितीच्या विश्लेषणात मात्र त्याचे संथ कोअर मागे पडतात, आणि मदरबोर्डची वॉरंटी, पंख्यांचा आवाज, वाढीव वीजबिल हे सगळे स्वस्ताईतून वजा करावे लागते.

शेवटी गरज कुणाची किती. क्लबात खेळणारा, आठवड्याला चार-पाच डाव तपासणारा खेळाडू कुठल्याही अलीकडच्या संगणकावर, अगदी मोबाइलवरही, काम भागवू शकतो. त्याच्या डावातली चूक इंजिनाला एका सेकंदात दिसते. दहा सेकंद बघून ती जास्त चूक ठरत नाही. लीचेस या संकेतस्थळावर स्टॉकफिश ब्राउझरमध्येच चालते. त्याचा वेग संगणकावर बसवलेल्या इंजिनापेक्षा कमी असला तरी या कामाला पुरतो. अशा खेळाडूने नवा प्रोसेसर घेऊ नये, त्या पैशांत प्रशिक्षक किंवा स्पर्धेचा प्रवासखर्च भागवावा. राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धा खेळणाऱ्या, ओपनिंगची स्वतः तयारी करणाऱ्या मुलाला सहा ते आठ वेगवान कोअर, १६ जीबी रॅम आणि बरा पंखा एवढे अनेक वर्षे पुरते. पालकांनी याहून महाग यंत्रासाठी कर्ज काढण्याचे काहीच कारण नाही. सोळा कोअर घेण्यात अर्थ आहे तो इंजिन वापरण्याची मुभा असलेले पत्राचार बुद्धिबळ खेळणाऱ्यांना, नाशिकच्या विदित गुजराथी किंवा नागपूरच्या दिव्या देशमुख यांच्या पातळीवर तयारी करणाऱ्या खेळाडूंना, आणि इंजिन लिहिणाऱ्यांना. वर्षातून एखाद्या मोठ्या स्पर्धेपुरताच प्रचंड वेग हवा असेल तर तो तासाच्या भाड्याने घेता येतो. तीन-चार दिवसांच्या भाड्यात चौसष्ट कोअरचे यंत्र वापरून मिळते आणि ते विकत घेऊन वर्षभर पडून राहत नाही.

यंत्र हातात आल्यावर ते पैशाइतका वेग देते की नाही हे तपासण्याची सोय स्टॉकफिशमध्येच आहे. 'बेंच' ही आज्ञा ठरलेल्या स्थिती ठरलेल्या खोलीपर्यंत शोधते आणि सेकंदाला किती स्थिती झाल्या ते सांगते. निव्वळ आज्ञा दिली तर ती एकाच थ्रेडवर चालते, म्हणून थ्रेडची संख्या आणि कोष्टकाचा आकार सोबत द्यावा. हा आकडा पहिल्या मिनिटाला टिपावा. मग एखाद्या गुंतागुंतीच्या मधल्या डावावर इंजिन अर्धा तास सर्व थ्रेडनिशी चालू ठेवावे आणि बंद करून लगेच बेंच पुन्हा चालवावे. आकडा पाच-सात टक्क्यांच्या आत घसरला तर जोडणी ठीक आहे. पाव-तृतीयांश घसरला तर प्रोसेसर उष्णतेने गुदमरतो आहे. पंखा नीट बसला आहे का, थर्मल पेस्ट लावली आहे का, कॅबिनेटला हवा खेळायला वाट आहे का, हे बिल आणि वॉरंटी हाताशी असतानाच असेंबल करणाऱ्याकडून पाहून घ्यावे.